रंग झाल्यावरची फिटिंग

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की आधी वास अंगावर येतो. हार्डनर-थिनरचा, घशात उतरणारा. रात्रभर कोंडलेला असतो. मागचं दार उघडायचं, पंखा लावायचा आणि दहा मिनिटं बाहेर रस्त्यावर उभं राहायचं, हा माझा नेम आहे आणि पोरांनाही तोच लावलेला आहे. टू-के रंगात, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगात, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणी चालू असताना ते छातीत गेलं तर माणसाला कायमचा दमा लागू शकतो. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. तरीही पुण्यातल्या कितीतरी गॅरेजमध्ये आज रुमालच बांधलेला दिसतो, आणि ते बघून मला राग येतो.

आज स्टँडवर आहे मारुती ८००चं बॉनेट. गाडी १९९८ची, पांढरी, कार्बोरेटरवाली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. सगळ्या गाडीचा रंग झाला, दारं चढली, दोन्ही फेंडर शनिवारी बसले, दिवे लागले. राहिलंय फक्त बॉनेट. दसरा तोंडावर आहे आणि पूजेला गाडी दारात हवी, एवढीच बाईंची अट.

या गाडीबद्दल मला माया आहे, ती लपवत नाही. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या ८००ची चावी दिली गेली आणि १८ जानेवारी २०१४ला शेवटची गाडी गुरगावच्या कारखान्यातून निघाली. त्या तीस वर्षांत आपल्याकडच्या डेंटर लोकांचा हात बदलला. अँबॅसेडरच्या जाड पत्र्यावर हातोडी घालायची सवय असलेल्यांना ८००चा पत्रा पहिल्यांदा कागदासारखा वाटायचा. जोर लावला की ताणून जायचा. ज्यांनी हात हलका केला ते टिकले. अँबॅसेडरचं उत्पादनही २०१४मध्येच थांबलं. आता दोन्ही गाड्या येतात त्या जपायला म्हणूनच येतात, आणि काम करणाऱ्यानेही त्यांना तसंच हाताळायला हवं.

नऊ

बॉनेटवर रंग शनिवारी दुपारी मारला. मधे रविवार गेला. आमच्याकडे तापवायचा बूथ नाही. बूथ असता तर पत्रा साठ अंशांवर अर्धा तास धरला की काम झालं असतं. उघड्यावर वाळणाऱ्या रंगाचा हिशेब वेगळा. धूळ बसायची थांबते ती अर्ध्या-पाऊण तासात, हात लावता येतो दुसऱ्या दिवशी. पण बोल्टखाली दाबला जाणारा रंग त्याहून कडक लागतो. वरून वाळलेला रंग आत मऊ असला तर वायसर त्यात रुततो, आणि आठ दिवसांनी तोच बोल्ट ढिला निघतो.

म्हणून पहिलं काम नखाचं. बॉनेट उलटं केलं, स्टँडच्या चारही टोकांना जुनी गोधडी गुंडाळलेली आहेच, आणि खालच्या बाजूला, जिथे बिजागरी बसणार त्या जागी, अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. खूण उठली नाही. मग कडा तपासल्या. रंग ओघळून कडेला जमतो, थर तिथे जाड असतो, आणि जाड थर सगळ्यात शेवटी सुकतो. पुढची कड, जी लॉकच्या वर येते, तिथे नख किंचित थबकलं. फार नाही. तरी ती कड दुपारपर्यंत कशालाही टेकणार नाही असं पेंटरदादांशी ठरवून टाकलं.

"दादा, पुढची कड अजून ओली आहे थोडी."

"चार वाजेपर्यंत होईल बघा. ऊन आहे आज."

ऊन होतंच. ऑक्टोबरचं. बॉनेट दाराशी आणून ठेवलं, उन्हाच्या कवडशात पुढची कड येईल असं.

पावणेदहा

आता आटे. बॉनेटच्या आतल्या बाजूला बिजागरीसाठी वेल्ड केलेले नट असतात. त्यांत रंग गेला की बोल्ट वाकडा शिरतो, जोर लावला की आटे जातात, आणि मग रंगवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायची पाळी येते. आमच्या दादांची पद्धत चांगली आहे: रंगाआधी प्रत्येक नटात एकेक रद्दी बोल्ट फिरवून ठेवतात. आज ते काढले तेव्हा बोल्टच्या डोक्याशी रंगाचा गोल पापुद्रा धरलेला. बोल्ट सरळ फिरवला तर हा पापुद्रा आजूबाजूचा रंग घेऊनच उचलतो. त्यामुळे आधी नव्या ब्लेडच्या टोकाने बोल्टभोवती गोल रेघ कापून घ्यायची, मग पाना लावायचा. हेल्परला आज हे पहिल्यांदा त्याच्या हाताने करू दिलं. एक रेघ थोडी बाहेर गेली. बिजागरीच्या पट्टीखाली झाकली जाईल, पण तिथे उघडा पत्रा राहिला तर गंज तिथूनच धरतो. ब्रशने प्रायमरचा एक टिपका ठेवला आणि पुढे सरकलो.

बिजागऱ्या गाडीवरच आहेत, बॉडीच्या रंगात रंगलेल्या. पिनेत रंग शिरून त्या जड झाल्या होत्या. तेलाचा थेंब, वीसेक वेळा उघडझाप, फडक्याने पूस. जड बिजागरी मी तशीच कधी ठेवत नाही. बॉनेट बंद होताना ती पत्र्याला पीळ देते आणि माणूस बॉनेट-फेंडरमधली गॅप जुळवत बसतो.

साडेदहा

चहा. चहाबरोबर हेल्परचा प्रश्न: "मामा, काढताना मार्करने खुणा केल्या होत्या ना आपण? मग त्याच खुणांवर बसवलं की झालं."

खुणा केल्या होत्या, त्यांच्यावर रंग बसला. आतून-बाहेरून रंग द्यायचा म्हटलं की मार्करच्या रेषा जातातच. जुने कारागीर यावर एक युक्ती करत: बॉनेट उतरवण्याआधी बिजागरी आणि बॉनेट यांतून आरपार तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, आणि परत बसवताना त्यात ड्रिलची पिन घालायची. बॉनेट केसाइतकंही इकडेतिकडे होत नाही. युक्ती खरी आहे, पण मी ती वापरत नाही. ताज्या रंगकामात आणखी एक उघडं भोक कशाला? आणि उतरवण्याआधी बॉनेट मुळातच वाकडं बसलेलं असेल तर ती पिन वाकडेपणाच जपून ठेवते.

आम्ही विसंबतो ते कच्च्या फिटिंगवर. पत्र्याचं काम झालं, लांबी (पुट्टी) घासली, सरफेसर मारला की रंगाआधी सगळे पॅनल गाडीवर चढवून पाहायचे. या गाडीचं तसं पाहिलं होतं. पत्रा जुळतो हे तेव्हाच कळलं, आणि न जुळला तर हातोडी तेव्हाच चालवता येते. रंगानंतर हातोडीला जागा नाही. रंगामुळे गॅप मेली, असं पुष्कळ लोक सांगतात. हिशेब करून पाहावा. कंपनीचा मूळ रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. नवा प्रायमर आणि रंग मिळून वर दोनशे चढला, तोही बॉनेटच्या आणि फेंडरच्या दोन्ही कडांवर, तरी गॅपमधून अर्धा मिलिमीटर जात नाही. गॅप मारते ती कडेला भरलेली लांबी. ज्याने कडेवर दोन मिलिमीटर लांबी चढवली त्याने दोष रंगावर टाकू नये.

अकरा

उचलण्याआधी तयारी. दोन्ही फेंडरच्या वरच्या कडांना आणि काचेखालच्या काउलला मास्किंग टेपचे तीन-तीन थर. बॉनेटच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांनाही टेप. पहिला ओरखडा नेहमी तिथेच उठतो. घड्याळ, कडं, अंगठी काढायची. पट्ट्याचं बक्कल फिरवून कडेला घ्यायचं. खिशात पाना ठेवायचा नाही. हेल्परच्या मनगटावर लाल दोरा होता, त्यात एक छोटा पितळी मणी. तो काढ म्हणायला मला जड गेलं, म्हणून त्यावरही टेप गुंडाळली.

८००चं बॉनेट एकटा माणूस सहज उचलतो. तरीही बसवायला दोघं. वजन पेलायला एक पुरतो. पण एकजण बोल्ट लावायला वाकला की दुसऱ्या बाजूचा कोपरा काउलवर उतरतो. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, खांद्याच्या आधाराने बॉनेट धरायचं, मोकळ्या हाताने आपापल्या बाजूचा बोल्ट बोटांनी फिरवायचा. पाना अजून नाही. चारही बोल्ट बोटांनी शिरले पाहिजेत. एक जरी अडला तर थांबायचं.

शिरले. मग गोटी पान्याने एवढेच आवळले की बॉनेट आपल्या वजनाने घसरणार नाही, पण तळव्याने ढकललं तर सरकेल.

साडेअकरा

लॉक अजून पेटीत आहे. ते आज सगळ्यात शेवटी लागणार. पुष्कळ ठिकाणी बॉनेट बसवलं की आधी लॉक लावतात, आणि मग लॉकच बॉनेटला ओढून जागेवर बसवतं. त्या क्षणी गॅप छान दिसते. पण पत्रा ताणाखाली असतो. खड्ड्यांतून गाडी गेली की लॉक झिजतं, करकर सुरू होते, आणि बॉनेट उघडताना कधीतरी केबल तुटते. घराचं दार चौकटीत अडलं की आपण खांद्याने रेटून कडी घालतो, आणि महिन्याभराने कडीच वाकते, तसंच ते. बॉनेट लॉकशिवाय, आपल्या वजनाने, आपल्या जागी बसलं पाहिजे. माझं सगळं काम या एका वाक्यात आहे.

पहिल्यांदा खाली घेताना मी वाकून मागच्या कोपऱ्यांकडे बघतो. पुढे काय होतंय ते हेल्पर बघतो. बॉनेट खाली येताना मागची कड किंचित फिरते, आणि कोपरा काउलला लागणार असेल तर शेवटच्या चार बोटांत लागतो. "सावकाश... थांब... हं." ड्रायव्हर साइडचा मागचा कोपरा काउलच्या फारच जवळ गेला, पण लागला नाही. बॉनेट बसलं.

आता मोजायचं. फीलर गेज आहे, पण स्टीलची पट्टी ताज्या रंगाच्या कडेला घालायची माझी तयारी नसते. आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरतो. एक काडी जवळजवळ दोन मिलिमीटर, दोन काड्या चार. मधल्या मापांना पुठ्ठ्याचे कपटे. मोजायचं सावलीत. उन्हात पांढऱ्या रंगाची चकाकी डोळ्याला फसवते, गॅप एका बाजूने रुंद दिसते.

मापं अशी निघाली. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, मागे चार, पुढे पाच. ड्रायव्हर साइडला मागे चार, पुढे दोन. आणि काउलशी: क्लीनर साइडला गॅप ऐसपैस, ड्रायव्हर साइडला अरुंद.

हेल्पर लगेच म्हणाला, "पुढून दीड मिलिमीटर डावीकडे ढकलू. दोन्हीकडे साडेतीन होईल."

मी त्याला आधी बेरीज करायला लावली. मागे चार आणि चार, आठ. पुढे पाच आणि दोन, सात. बॉनेट कुठेही ढकला, एका बाजूला जेवढी गॅप कमी होईल तेवढी दुसऱ्या बाजूला वाढेल. बेरीज बदलत नाही. मग मागे आठ आणि पुढे सात हे बॉनेटने केलेलं नाही. कुठला तरी फेंडर पुढच्या टोकाला एक मिलिमीटर आत आलाय. कच्च्या फिटिंगला बेरीज दोन्हीकडे सारखी होती, म्हणजे पत्रा बरोबर आहे. शनिवारी फेंडर बसवताना तो सरकला. हे बॉनेट हलवण्याआधी कळलं पाहिजे, नाहीतर माणूस दिवसभर एक मिलिमीटर इकडून तिकडे नेत बसतो.

तो काही वेळ काड्यांकडे बघत राहिला. मग स्वतःच जाऊन पुन्हा मोजून आला. हे मला फार आवडलं.

बारा

दोन दोष आहेत, तर आधी बॉनेटचा. काउलशी ड्रायव्हर साइडचा कोपरा मागे गेलाय आणि नाक ड्रायव्हर साइडला वळलंय: दोन्ही खुणा एकाच गोष्टीच्या. बॉनेट वरून बघितलं तर आडवं फिरलंय. नाक हाताने ढकलून हे सुटत नाही, सुटतं ते बिजागरीपाशी. ड्रायव्हर साइडची बाजू पुढे आणि क्लीनर साइडची मागे घ्यायची. नाक दोन मिलिमीटर परत आणायचं तर बिजागऱ्यांत मिळून अडीच मिलिमीटरचा फरक लागतो, सव्वा इकडे आणि सव्वा तिकडे. एकाच बाजूने अडीच सरकवलं तरी चालतं, पण मग काउलची गॅप बदलते.

बॉनेट उघडून एका बाजूचा एक बोल्ट थोडा ढिला, दुसरा तसाच. बिजागरीच्या पट्टीच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ, म्हणजे किती सरकलं ते दिसतं. तळव्याने दाब, रेघेपासून सव्वा, आवळ. पलीकडे उलट. खाली घेतलं. पुन्हा उघडलं, एका बाजूला केसभर मागे. खाली. असं करत करत क्लीनर साइड मागे चार, पुढे तीन. ड्रायव्हर साइड चार-चार. काउलशी सरळ एक रेघ. फेंडरचा एक मिलिमीटर आता उघडा पडला, क्लीनर साइडला.

या तासाभरात बोललो फार थोडं. पाना, काडी, "घे", "सोड".

एक

जेवण. हेल्परला स्कूटरवर नाना पेठेत पाठवलं, बॉनेटचे रबर बफर आणि जाळीच्या क्लिपा आणायला. जुने बफर दगडासारखे झाले होते. नाना पेठेत ८००चं सामान अजून मिळतं, फक्त हातात घेऊन दाबून बघायचं. नवा दिसणारा रबरही दुकानात पडून पडून कडक झालेला असतो.

दोन

गॅप झाली, आता उंची. बोटाच्या टोकाने बॉनेटवरून फेंडरवर आडवं जायचं, डोळे मिटून. डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. ड्रायव्हर साइडचा मागचा कोपरा खाली होता, दीड मिलिमीटर असावा.

बॉनेट उतरवताना निघालेले बोल्ट एका पाकिटात घालून त्यावर लिहून ठेवायची आमची रीत आहे. ते पाकीट मेजावर उलटं केलं. एक वायसर उरलेला. पातळ, दीड मिलिमीटरच्या आसपास, एका बाजूला जुना पांढरा रंग आणि त्या रंगात बिजागरीच्या कडेचा ठसा. हा बोल्टच्या डोक्याखालचा नव्हताच. बिजागरी आणि बॉनेट यांच्या मधला होता. कधीकाळी कुणीतरी, बहुतेक मागे बॉनेट काढलं असेल तेव्हा, हाच कोपरा उचलायला तो घातला होता.

मला अशा वायसरबद्दल आदर वाटतो. ज्याने तो घातला त्याने बोट फिरवून बघितलं असणार. त्याच्या जोडीला आणखी एक तसाच शोधला, कारण त्या बिजागरीला दोन बोल्ट आहेत आणि एकाखाली घालून दुसरा तसाच ठेवला तर कोपरा उचलला जाण्याबरोबर बॉनेटला कलही येतो. दोन्ही घातले, आवळले. बोट पुन्हा फिरवलं. सपाट.

तीन

फेंडर. ८००चे पुढचे फेंडर बोल्टवर बसतात, वेल्डवर नाही, उपकारच आहेत. बॉनेट उघडलं की फेंडरच्या वरच्या काठाला बोल्टची ओळ दिसते. सगळे ढिले करायचे नाहीत. पुढचे दोन पाव फेरा, तिसरा जेमतेम, मागचे जसेच्या तसे, नाहीतर दाराशी जुळलेली गॅप बिघडते. हेही बोल्ट रंगलेले, म्हणजे पुन्हा ब्लेडची रेघ, आणि गोटीच्या आत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, डोक्यावरचा रंग उडू नये म्हणून. तरी एकाचा उडाला.

टेप लावलेल्या कडेवर हाताची टाच ठेवून बाहेर ओढलं. फेंडर एक मिलिमीटर येतो तो आवाज न करता येतो. आवाज झाला तर समजायचं की जास्त आला. आला तो बरोबर आला. चार-चार, चार-चार. मागे आठ, पुढे आठ.

चार

पुढची कड आता कडक. दादांनी नख लावून बघितलं आणि मान हलवली. लॉकची वेळ.

लॉक पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलं, बोल्ट अर्धवट. बंद करण्याआधी एक परीक्षा आहे आणि तिच्यावाचून मी कुणालाही पुढे जाऊ देत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीने लॉकची चिमटी हाताने बंद करायची, जणू बॉनेट आलंच आहे, आणि आत डॅशखालची कळ ओढायची. चिमटी सुटली तर केबल चालू. नाही सुटली तर आत्ताच कळलं हे नशीब. केबल न तपासता बॉनेट लावून बसलेली गाडी मी पाहिलेली आहे; ते उघडण्यासाठी खालून जाळीतून पक्कड घालावी लागते, आणि नवीन रंगाच्या गाडीवर ते बघवत नाही.

कळ ओढली. चिमटी सुटली.

मग बॉनेट सावकाश खाली. वरचा हूक लॉकमध्ये जाताना लॉक स्वतःच इकडेतिकडे सरकून मध्य शोधतं, कारण बोल्ट ढिले आहेत. बॉनेटला लॉकच्या मागे जावं लागता कामा नये. वर उचललं, लॉक न हलवता आवळलं.

उंचीचा प्रश्न राहतो. लॉक फार खाली असेल तर बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबल्याशिवाय लागत नाही, आणि ८००चा पत्रा तळव्यांनी दाबला की मधे खड्डा पडतो. फार वर असेल तर लागतं, पण पुढचं टोक खेळत राहतं, आणि रस्त्यावर खडखड येते. नवे रबर बफर फिरवून एवढे वर घेतले की बॉनेटचं टोक फेंडरच्या आणि दिव्यांच्या रेघेत येईल. मग बफर आणि बॉनेट यांच्या मधे कागदाची पट्टी ठेवून बंद केलं. पट्टी ओढली तर निघाली पाहिजे, पण अडत अडत. डावी अडली. उजवी सुळकन निघाली. उजवा बफर अर्धा फेरा वर. आता दोन्ही सारख्या.

शेवटी हातभर उंचीवरून सोडलं. एकच आवाज, भरीव. दोन आवाज आले तर लॉक आणि बफर वेगवेगळ्या वेळी पकडतायत असं समजायचं.

आणि यानंतरचं काम गॅपहून मोठं आहे. दुसरा हूक. आतली कळ ओढली की बॉनेट पूर्ण उघडत नाही, दोन बोटं वर येऊन अडतं. तो जो अडवतो तो सुरक्षेचा हूक. पहिलं लॉक रस्त्यावर सुटलं तर वाऱ्याने बॉनेट उलटून काचेवर येण्यापासून तोच वाचवतो. रंगाच्या थराने हा हूक जड होतो, स्प्रिंग त्याला परत खेचत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आजचा तसाच जड निघाला. पिनेवरचा रंग खरवडला, ग्रीस घातलं, उघडझाप केली. कळ ओढायची, बॉनेटचं टोक धरून वर खेचायचं, जोराने. नाही सुटलं. पुन्हा. पुन्हा. मग हेल्परने केलं, मग दादांनी. माझ्या गॅरेजमधून गॅप अर्धा मिलिमीटर कमीजास्त असलेली गाडी एखाद वेळी जाईल. हा हूक न तपासलेली जाणार नाही.

सव्वापाच

उडालेल्या बोल्टच्या डोक्याला बारीक ब्रशने रंग. कडांवरची टेप, सरळ वर न ओढता मागे दुमडून. मग सातारा रोडवर एक चक्कर, मुद्दाम खराब रस्त्याने, दोन स्पीडब्रेकर जरा जोरात. काच खाली करून ऐकत गेलो. शांत. परत येऊन सगळे बोल्ट पुन्हा पान्याखाली, कारण पहिल्या धक्क्यांनी रंग दबतो आणि बोल्टला थोडी जागा मिळते. बिजागरीच्या एका बोल्टने जेमतेम पाव फेरा घेतला. काड्या घालून गॅप पुन्हा बघितली. हललेली नाही.

सहा

बाई आल्या. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी, काही न बोलता. मग बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं, आडवं, माझ्यासारखंच. मी सांगितलेलं नव्हतं.

"छान झालंय हो. आता पूजेचं विचारते. हळदकुंकू कुठे लावायचं? दरवर्षी बॉनेटवरच स्वस्तिक काढते मी."

हा प्रश्न प्रत्येक नवरात्रात येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण समोरच्याच्या मनात श्रद्धा असते. मी म्हणालो, "बाई, यंदा रंग ताजा आहे. पांढऱ्यावर हळद डाग धरेल, ओलं कुंकूही धरेल. स्वस्तिक काचेवर काढा, पुसलं जातं. गंध-फूल नंबरप्लेटवर वाहा. नारळ गाडीच्या पुढे जमिनीवर फोडा, पाणी बॉनेटवर उडू देऊ नका. आणि झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, सुती दोऱ्याचाच घ्या, तोही दोन्ही आरशांना बांधा, बॉनेटवर लोळू देऊ नका."

त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि लिहून घेतलं. आणखीही विचारलं: धुवायची कधी, कव्हर घालायचं का. आठवडाभर साबण नको, साधं पाणी आणि मऊ फडकं. महिनाभर वॅक्स-पॉलिश नको. रंगातलं उरलेलं थिनर बाहेर पडायला वाट हवी. प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात नको, सावलीत लावा. पक्ष्याची शीट पडली तर त्याच दिवशी धुवा.

"आणि बॉनेट लावताना दाबायचं नाही," मी म्हणालो, "हातभर वरून सोडायचं. दाबावं लागलं तर मला फोन करा."

त्यांनी समोरच सोडून बघितलं. लागलं. आतली कळ ओढून, हूक बाजूला करून, पुन्हा उघडलं आणि पुन्हा सोडलं. मग स्वतः चालवत घेऊन गेल्या.

महिन्याने बोल्ट आवळायला आणि पॉलिशला यायचंय, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. परवा खंडेनवमी. उद्या संध्याकाळी सगळे पाने, गोट्या आणि ब्लेडची पेटी रॉकेलने धुवून पुसायची आहे, आणि त्याआधी दुपारपर्यंत एका इंडिकाच्या डिकीचा दरवाजा जुळवायचा आहे, ज्याचे बोल्ट कुणीतरी पाकिटात न घालता डब्यात टाकून दिलेत.